पंचफुला आत्याच्या बंदुकीचा बार

निलंगा, १० ऑगस्ट २०२५

चि. आनंदराज यास आत्याचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तू लगेच वकिली झाडतोस, म्हणून हे पत्र. मक्याला कणसं धरली आणि रानडुकरांनी मुक्काम टाकला. आमचे मालक, तुझे लिंबाजी मामा, गेल्यावर पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक मी किती खेटे घालून माझ्या नावावर केली, ते तू पाहिलंस. हवेत एक बार काढला की कळप पांगतो. तिच्या जोरावर मी एकटी हे शेत कसते. ती गेली तर पीक डुकरांचं आणि शेत दुसऱ्याचं.

आता शेजारच्या शेतातला हरिओम म्हणतो की आवाजानं त्याच्या म्हशी बिचकतात. बाईच्या हातात बंदूक, त्यातून आपल्या वस्तीतल्या बाईच्या, हे त्याला पहिल्यापासून सलतं. पण परवा गोड बोलून म्हणाला की पंचफुलाबाई, नळीला सायलेन्सर बसवा, आपल्या वळखीचा माणूस हाय, लई सस्तात देतो. माझाही उजवा कान हल्ली गुणगुणतो. तेव्हा कोणता घ्यावा, घेताना काय बघावं, ते नांदेडच्या बंदुकीच्या दुकानात विचारून कळव. नुसता चहा पिऊन येऊ नकोस.

माया आहे तशी राहू दे.
तुझी आत्या, पंचफुला

नांदेड, १७ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप आत्यास आनंदराजचा सविनय जयभीम.

सायलेन्सरचं नाव काढताच दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. तो म्हणाला की सामान्य माणसाला तो घेताच येत नाही, नुसता जवळ ठेवणंही गुन्हा आहे. घरात सापडला तर परवाना जाईल, बंदूक जाईल, वर तुरुंग. स्वस्तात देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, असं त्यानं बजावलं. हरिओम अडाणी आहे की पक्का, ते तूच ठरव. मला तरी वाटतं, त्याचा डोळा तुझ्या परवान्यावर आहे.

कानासाठी मात्र नेमबाज आवाज अडवायला लावतात ते कानपट्टे मिळाले. तीन-चार घालून पाहिले. गादी कानाभोवती घट्ट बसली पाहिजे, फट राहिली की उपयोग नाही. लावताना कुड्या काढ आणि पदर मध्ये येऊ देऊ नकोस. पार्सल पाठवलं आहे.

आत्या, मला तुझी काळजी वाटते. बंदूक ठाण्यात जमा कर, शेत बटाईनं दे आणि इकडे ये. रागावू नकोस.

आशीर्वाद असू द्यावा.
आनंदराज

निलंगा, ३ सप्टेंबर २०२५

चि. आनंदराज यास सप्रेम जयभीम, वि. वि.

रागावलेच आहे. कानपट्टे उत्तम आहेत, तुझा सल्ला नाही.

हरिओम ती वस्तू टॉवेलात गुंडाळून चहाच्या हॉटेलावर आला. मी चारचौघांत म्हटलं की उघड की, बघू दे सगळ्यांना. आणि तसंच ठाण्यात चल, साहेबांना विचारू, चालतं का. त्याला अचानक लातूरला काम निघालं. चहा अर्धा टाकून गेला.

बंदूक मी जमा करणार नाही. शेत बटाईनं देणार नाही. बार मोठाच होणार. डुकरांना कळू दे आणि गावालाही कळू दे की या शेतात मी उभी आहे.

पुढचं ऐक. माझ्याकडून पांगलेली डुकरं हरिओमच्या भुईमुगात शिरली. त्याची बायको आरती विचारायला आली की आमच्या शेताच्या अंगाला पण बार काढाल का. मी म्हटलं की परवाना माझ्या शेतापुरता आहे, माझ्याच बांधावरून काढीन. पण सांगायला हरिओमला पाठव, भर दिवसा, त्याच हॉटेलावर.

आज तो आला. खाली मान घालून पुटपुटला की बाई, आमच्या बाजूला बी आवाज काढा. मला ऐकू आलं होतं. तरी मी त्याला मोठ्यानं म्हणायला लावलं.

दिवाळीला ये. माया कमी करू नकोस.
तुझी आत्या, पंचफुला