चाकामागचा दगड

अहो,

उद्या दुपारी बाराच्या आत मला बबनरावांना हो की नाही ते कळवायचं आहे. तुमच्या त्या जुन्या वॅगन जीपचं, त्यांच्याकडून ती विकत घ्यायची का ते. मी नाही म्हटलं तर ती धरणाकाठच्या एका रिसॉर्टच्या फाटकात जाऊन उभी राहील. इंजिन काढून आत जास्वंदीच्या कुंड्या ठेवणार आहेत. दोन दिवस मला जेवण जात नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय एवढी मोठी वस्तू आपल्या घरात कधी आली नाही, म्हणून लिहिते आहे.

'तुमची' म्हणते खरी, पण ती तुमची झाली कुठे? निवृत्तीनंतर महिन्यातला एक रविवार तुम्ही बावधनहून पौडच्या पुढे तिला बघायला जायचात. परत आलात की मी विचारायची, घेतली का? कधी चेसिसला गंज असायचा, कधी इंजिनचं काम निघायचं, कधी कागद सापडायचे नाहीत. मी म्हणायची, घेऊन टाका हो, हाताला काहीतरी चाळा हवा. तुम्ही हात धुवायला आत जायचात आणि नळ बराच वेळ चालू राहायचा.

तुमचा फोन मी बंद केलेला नाही. त्यावर बबनरावांचा फोन आला. साहेब बऱ्याच दिवसांत आले नाहीत, असं म्हणत होते. तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. मग म्हणाले, गाडी एकदा तुमीच बगून जा.

गेले. पिरंगुटच्या पुढे एकटीनं गाडी चालवायची ही माझी पहिलीच वेळ. समोरून डंपर आला की मी श्वास धरत होते, तो गेल्यावरही सोडायचं सुचत नव्हतं.

बबनराव अंगणात उभे होते. पाणी दिलं, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलले. मग मला नीट न्याहाळून म्हणाले, "तुमीच व्हय त्या, भिनाऱ्या ताई?"

मला कळलं नाही.

"साहेब म्हनायचे ना. मला काय न्हाई बबनराव, मी आज घिऊन जाईन, पन मंडळी लई भित्यात."

मी चहा पीत राहिले. कप बशीत ठेवताना आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. का हो? माझ्या तोंडून एकदा तरी 'नको' ऐकलं होतंत?

गाडी तुमच्या वर्णनापेक्षा उंच आहे. मागे लाकडी बाक, गिअरचे दोन दांडे. त्यातला आखूड दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, हे तुम्ही मला जेवताना चमचे मांडून समजावलं होतंत. ब्रेक कसे आहेत, मी विचारलं. बबनराव म्हणाले, "हायेत की. पन दोनदा मागावं लागत्यात."

मागच्या चाकाला लावलेला दगड त्यांनी काढला आणि शेजारी येऊन बसले. मी किल्ली फिरवली. सगळी गाडी थरथरली. घरामागची वाट पहिल्या गिअरमध्ये पार केली. वाट संपते तिथून उतार सुटतो आणि खाली थेट धरणाचं पाणी दिसतं. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एकदा. दोनदा. थांबली.

"साहेबबी हितंच थांबायचे," बबनराव म्हणाले. "दर येळी. खाली बगत बसायचे, मंग मागं घ्यायचे. एकदाबी उतरले न्हाईत."

इंजिन चालू होतं. मी तुमच्या जागेवर बसले होते. तिथून पाणी फार जवळ दिसतं.

मीही मागे घेतली.

बबनरावांनी चाकामागे पुन्हा दगड सरकवला, तेव्हा माझं लक्ष गेलं. एका बाजूनं निमुळता, आणि त्यावर हिरव्या रंगाची रेघ. तो हिरवा मला ओळखता येणार नाही? आपल्या गॅलरीच्या जाळीचा उरलेला रंग तुम्ही डब्यासकट कुठे नेलात म्हणून मी तुमच्याशी भांडले होते. बबनराव म्हणाले, साहेबांनी ओढ्यात सकाळभर शोधून आणला होता, आल्या आल्या आधी तो जागेवर आहे का ते बघायचे. "गाडी घेतली तर दगडबी न्या. माझा न्हाई त्यो."

परत येताना तुमच्यावर रागावले होते. चांदणी चौकापर्यंत राग टिकला. मग स्वतःचं आठवलं. तुम्ही गंज म्हणालात की मला दर वेळी सुटल्यासारखं व्हायचं. घेऊन टाका म्हणणारी मी, मनात नको नको म्हणत असायची. तेवढं तुम्ही बरोबर सांगितलंत बबनरावांना. मला न विचारता, पण बरोबर.

ऑपरेशनला नेताना तुम्ही मला विचारलंत, "घाबरलीस?" मी म्हटलं, छे. तुम्ही म्हणालात, "मीपण नाही." मग दार लागलं. आपलं शेवटचं बोलणं ते. इतकी वर्षं एका घरात राहून आपण एकमेकांना एवढंही सांगू नये?

मुग्धाला काल सगळं सांगितलं. मारुंजीहून फोनवर म्हणाली, "आई, छंदच हवाय ना? कुंभारकामाचा क्लास लाव. मातीला ब्रेक लागत नाहीत." मी हसले. फोन ठेवला तेव्हा तळहात ओले होते.

उद्या मी हो म्हणणार आहे. आधी ब्रेक करून घेईन, एकदा मागितले की मिळतील असे. मग आखूड दांडा ओढून, पहिल्या गिअरमध्ये तो उतार उतरेन. दगड बाकाखाली असेल. मुग्धानं विचारलं, भीती वाटते का, तर हो म्हणेन. बबनरावांनी विचारलं तरी हो म्हणेन. तुमचं नाव पुढे करणार नाही, एवढा शब्द देते.

आणि तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर राहिलं आहे. हो. खूप घाबरले होते.

तुमची,
शैला