बी बदललंस ना?

चंडीमंदिर,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय चिन्मयी,

सप्रेम नमस्कार. अकोल्यात थंडी पडायला लागली असेल. इथे हवा धुरकट आहे, आईचा खोकला हटत नाही आणि बाबांची बदली पुन्हा लांबली. छावणीतल्या क्वार्टरच्या मागचं लिंबू यंदा लगडलंय. तू रविवारी जेवायला यायचीस तेव्हा त्याला एक फळ नव्हतं, म्हणून आई चुकचुकते. तू शाळेत शिकवतेस असं कळलं.

फोन तू उचलत नाहीस. आई म्हणाली, "फोन नकोच. फोनवर तू फार गोड बोलतेस. लिही."

तर आपल्या रिसर्च पेपरबद्दल लिहिते. लॅबमध्ये सगळे हिंदी-पंजाबीत बोलायचे, आपण दोघी हट्टानं मराठीत. सिम्युलेशनमधले यादृच्छिक आकडे ज्या एका आकड्यापासून उगवतात, त्या सीडला 'बी' म्हणायचं हे माझंच खूळ. आपले गाइड सर चिडवायचे, "खेती कैसी चल रही है?" आणि चुंबकीय क्षेत्राला फळ्यावर सगळेच इंग्रजी बी लिहायचे. प्रत्येक फेरीला नवं सीड लागतं, म्हणून मी विचारलं, "बी बदललंस ना?" तू म्हणालीस, "हो गं, सगळीकडे." तू इंग्रजी बी, म्हणजे क्षेत्र बदललं होतंस. सीड तेच राहिलं.

आईला मी असं समजावलं: दहा वेळा नाणं उडवलं, तेच निकाल दहादा उतरवले आणि शंभरदा उडवलं म्हणून जगाला सांगितलं. क्वांटम चुंबकातली शिस्त ज्या क्रांतिक बिंदूला मोडते, तिथला आपला नवा आकडा त्यामुळे पक्का वाटला. दुसऱ्या गटाला तो मिळेना आणि या जुलैत पेपर मागे घ्यावा लागला.

सरांनी विचारलं, "सीड किसने चेक किए थे?" मी म्हणाले, चिन्मयीला विचारलं होतं, ती हो म्हणाली. शब्दन् शब्द खरं. तू दोन बींचा घोळ सांगायला लागलीस तेव्हा सरांना ती पळवाट वाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, आठवत नाही.

मला आठवत होतं, चिन्मयी. इथवर तुलाही ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

५ मार्च २०२४, मंगळवार. एकाच क्षेत्राच्या दोन फाइली मी शेजारी शेजारी उघडल्या. आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे. तुला काय ऐकू गेलं असणार ते तिथल्या तिथे कळलं, आणि मला हसूही आलं. पण पेपर पाठवायला आठ दिवस होते, सगळं पुन्हा चालवायला दोन महिने लागले असते, आणि आलेख फार सुरेख आला होता. झाकली मूठ म्हणून फाइली बंद केल्या आणि चहाला गेले, तुझ्याचबरोबर. तुझ्या समोशातला अर्धा खाल्लासुद्धा.

वीस महिने मी गप्प राहिले. लॅब सोडावी लागून तू ऑगस्टमध्ये सामान बांधलंस तेव्हा तुझ्या बॅगेची चेन लागेना, ती मी लावून दिली. त्या वेळी बोलायला हवं होतं. मला प्रबंध हवा होता, दुसरं काही कारण नाही.

आज सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कब पता चला था?" मी तारीख सांगितली. मग म्हणाले, "वो लड़की इसी कुर्सी पर बैठकर रोई थी. तुम भी यहीं थीं."

चोवीस तारखेची माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा रद्द झाली. प्रबंधाचं काय होईल ते समिती ठरवेल. बाबांनी त्या दिवसासाठी युनिटमधल्या चार घरांना जेवायला बोलावलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही, हे पत्र टाकून आल्यावर सांगेन. तुझ्या जागेवर दुसरी मुलगी घेतली आहे. सर तुझ्यासाठी पुन्हा जागा मागणार आहेत, पण मिळेलच असं नाही म्हणाले.

माफी मागत नाही. तू देशील, आणि मी पुन्हा सुटेन.

स्टेशनवर तू म्हणाली होतीस, "घरीसुद्धा बाबा विचारतायत, खरं सांग, लपवलंस का." सरांना दिलेल्या लेखी कबुलीची प्रत सोबत आहे. मराठीतही लिहून काढली आहे. ती तुझ्यासाठी नाही. तुझ्या बाबांच्या हातात दे.

आश्लेषा