एकशे चाळीस वेढे

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी चोपड्याचे नाना मंदिरासाठी सांगितलेली स्पीकरची जोडी न्यायला दुकानात आले. भजन लावून डोळे मिटून ऐकत बसले. मग ह्यांना म्हणाले, "काय मोकळा आवाज शे, भाऊ. बठ्ठा शब्द समजतस."

हे हसून म्हणाले, "शब्द न् शब्द कळणारच. इतक्या वर्षांत हात बसलाय."

कुणाचा? खोकी सुताराने केली. जाड आवाज वूफरला आणि बारीक ट्विटरला वाटून देणारा क्रॉसओव्हर मी केला. त्याच्या कॉइलची तार मी गुंडाळली, एकशे चाळीस वेढे, ओठांत मोजत. मी तिथेच ट्रे घेऊन उभी होते. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा मस्त शे, वहिनी." आणि हे? नोटा मोजायला लागले.

आत्ता पुढच्या जोडीची कॉइल घेतली. एकशे तिसाव्या वेढ्याला मुद्दाम थांबले, तार तोडायला पक्कड उचलली. बसू दे आवाज, मग दाखवा म्हणावं तुमचा बसलेला हात.

पक्कड तशीच खाली ठेवली. मग उरलेले दहा वेढे घातलेच.

हात माझाच बसलाय. वाईट काम करायला तयारच होत नाही मेला.