फडक्यात बांधलेल्या घंटा

प्रिय आप्पा,

उठवतो म्हणालता, मग उठवलं का न्हाय? चार वर्षं झाली, तरी माझं हेच चाललंय. लष्कर भरतीचा दिवस होता माझा! जांबोटीहून बेळगावला पहाटेची एकच गाडी. जाग आली तर ऊन अंगणभर पसरलेलं, आणि तुम्ही उंबऱ्यात बसून दोर वळत होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटा फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेल्या. का, तर त्या वाजून मी उठू नये म्हणून!

किती भांडलो मी! "माझी भरती घालवलीत!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शिवा, तू बैल असतास तर आठ दिवसांमागंच जुवातनं सोडला असता तुला. तुझं रवंथ बंद झालंय रं."

त्याच आठवड्यात मी सुरतेला निघून आलो, कापडाच्या कारखान्यात. तुम्हाला एक ओळ लिहिली न्हाय. तुम्ही गेल्याची तार हातात पडली तीसुद्धा दोन दिवसांनी.

मग आज का लिहितोय? काल सुमीचं पत्र आलं. आपली धाकटी आता लई पळते, आप्पा! शाळेतून बेळगावच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला निवडलंय तिला. लिहिते, "अण्णा, सकाळी पळते, संध्याकाळी पळते. मधे शेण, पाणी, शाळा. अंथरुणात पडले तरी पाय पळतच राहतात, डोळा लागत न्हाय. तरी तेवढंच अंतर पळायला आधीपेक्षा वेळ जास्तच लागायलाय, म्हणून आता दुपारचंबी पळणार हाय."

हे तर भरतीआधीचं माझंच! चढावर छाती उडायची, भाकरी नको वाटायची, आईवर उगाच खेकसायचो. दम तुटला की वाटायचं, मेहनत कमी पडतेय. मग आणखी एक फेरी. तुम्हाला ते दिसत होतं. शर्यतीआधी बैलाला नांगराला न लावणारा माणूस तुम्ही, पोराला कसं जुंपू दिलं असतं?

पण सांगायचं तरी होतं, आप्पा! मी ऐकलं असतं का? बहुतेक न्हाय. तरी सांगायचं होतं. एक मात्र खरं, त्या दिवशी झोपलो तसा पुन्हा कधी झोपलो न्हाय.

सुमीच्या घंटा मी लपवणार न्हाय. तिला सगळं लिहितोय, माझ्या भरतीचंसुद्धा. दुपारचं पळणं बंद. शेवटचे आठ दिवस नुसतं हलकं पळायचं आणि उजाडेपर्यंत झोपायचं. आईला कळवलंय, शेण-पाण्याला शेजारची गंगूमावशी येईल. आणि शर्यतीच्या दिवशी पहाटे सुमीला उठवायला मी स्वतः घरी असेन. हा माझा शब्द.

गंगूमावशीच्या कामाचे ह्या महिन्याचे पैसे आईच्या नावानं मनिऑर्डरनं धाडतोय, चाळीस रुपये.

तुमचा,
शिवा