चार रविवारांत हिचं भूत उतरवणे

शुक्रवार, १७ एप्रिल. संध्याकाळी ७.
हिला ऑफिसातून पत्र. सोळा वर्षं माती तपासायच्या लॅबमध्ये बसून पिशव्यांतली माती चाळली, आता साहेबांना वाटतंय की हिने स्वतः जाऊन ती गोळा करावी. सहाशे किलोमीटरवर, डोंगरात, फील्ड स्टेशन. दोन वर्षं. बढती. उत्तर १५ मेपर्यंत.

पत्र घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मला काय वाटतं, विचारलं. म्हटलं, निर्णय सर्वस्वी तुझा, माझी काडीची हरकत नाही. मी काही जुन्या वळणाचा नवरा नाही. बराच वेळ तशीच उभी होती. माझं कौतुक वाटलं असणार.

अर्थात जाऊ द्यायचं नाहीच. पाल दिसली की स्टुलावर चढणारी बाई डोंगरात काय दिवे लावणार? आणि मी इथे एकटा? छे. पण मी नको म्हणायचं नाही. हिनेच वैतागून म्हणायला हवं.

योजना: मधे चार रविवार आहेत. चारही रविवारी हिला शहराबाहेर न्यायचं. ऊन, धूळ, घाम, किडे. डोक्यातलं भूत आपोआप उतरेल. जागा मी निवडणार. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात बावीस वर्षं झाली, शहराभोवतीच्या घाणेरड्या जागा माझ्याइतक्या कुणाला माहीत नाहीत.

मला स्वतःला काही त्रास व्हायचा प्रश्न नाही. शाळेत स्काउटमध्ये होतो. एक टर्म.

रविवार, १९ एप्रिल. दुपारी १२.
खाणीमागची टेकडी. एकही झाड नाही म्हणून निवडली.

अर्ध्यावर शहराचं निरीक्षण करायला थांबलो. थोडं पुढे जाऊन पुन्हा निरीक्षण. तिसरं निरीक्षण बसून केलं. तोंडाभोवती चिलटांचा थवा. एक गिळलं. शी! घशातून उतरेपर्यंत हलत होतं.

ही टोकापर्यंत जाऊन आली. वरून हात करत होती. परत आली तेव्हा चेहरा लालबुंद. म्हणाली, वर वारा छान आहे. चेहरा लाल म्हणजे ऊन बाधलं. सुरुवात उत्तम.

सोमवार, २० एप्रिल.
आजारपणाची रजा. पायांत गोळे. दोष बुटांचा. हिने मलम चोळून दिलं, मग बाहेर जाऊन जिना दोनदा चढली-उतरली. कशाला, विचारलं तर म्हणाली सराव. कसला, ते सांगेना.

रविवार, २६ एप्रिल. दुपारी ३.
पूर्वेकडचं जुनं तळं. पाणी पिण्यातून बाद होऊन नऊ वर्षं झाली, शिक्का मीच मारलाय. वर हिरवी साय. होडी भाड्याने मिळते. होडीतली बैठक ओली होती. कशाने ओली, हे मी विचारलं नाही, पण पँट आल्या आल्या कचऱ्यात टाकली.

वल्ही मी घेतली. होडी गोल फिरू लागली. एक वल्हं आखूड असणार. वल्ह्यावरचं शेवाळ मनगटावर आलं, मनगटावरून बाहीत शिरलं, बाहीतून काखेत. शेंबडासारखं. गार. ओकारीच यायची बाकी होती. आलीही, पण होडीबाहेर.

हिने वल्ही मागितली. मुद्दाम दिली, म्हटलं फोड येऊ देत हातांना. आले. तोवर ही पलीकडच्या काठाला लागून परतही आली होती. होडीवाल्याने हिला विचारलं, कुठे शिकलात. मला विचारलं, काका, बरं वाटतंय का.

घरी आल्यावर हिने फोड दाखवले. हसत दाखवले. थकव्याने माणूस हसतो, असं कुठेतरी वाचलंय.

रविवार, ३ मे. सकाळी १०.
कालपासून नदीकाठच्या कॅम्पवर. तंबू मेहुण्याचा, म्हणजे हिच्या भावाचा. सूचनांचा कागद त्याने हरवलेला. म्हटलं, ज्याचा जन्म नकाशे काढण्यात गेला त्याला कागद कशाला हवा? सव्वा तास खपलो. तंबू उभा होता, फक्त दार जमिनीकडे आलं. मग हिने सगळं सोडवून पुन्हा लावला. माझं पाहून शिकली असणार.

सामायिक संडास. वर्णन लिहिणार नाही.

लिहितो. दाराला कडी नाही, आतून एका हाताने धरून बसायचं. बादलीत कुणाचीतरी वापरलेली बँडेजची पट्टी तरंगतेय. साबणाला केस. कुरळे. कोपऱ्यात बेडूक, माझ्याकडे बघतोय. मी काही न करता बाहेर आलो आणि अजूनही काही केलेलं नाही. टूथब्रशला मुंग्या, ब्रेडला मुंग्या, आणि जीभ खाजतेय ती कशाने हा विचारच नको.

पहाटे तंबूत पाल. मी ओरडलो. हिला सावध करायला. ही उठली, पाल डब्यात धरली, बाहेर सोडून आली आणि पुन्हा झोपली. स्टूल नव्हतं म्हणून, दुसरं काय.

तरी जरा धाकधूक वाटतेय. चौथा रविवार जालीम हवा.

बुधवार, ६ मे. ऑफिस, जेवणाची सुट्टी.
सापडलं! सांडपाणी केंद्रामागचे गाळ सुकवायचे वाफे. अख्ख्या शहराने दिलेलं सगळं तिथे वाळत पडतं. वास थेट हायवेपर्यंत. वाफा क्रमांक चार नकाशावर 'कोरडा, वापरात नाही'. नकाशा माझाच, अकरा वर्षांपूर्वीचा. त्याच्या आधीच्या नकाशावरून उतरवला होता, तिथे जावं लागलं नाही. मुरलेल्या ड्राफ्ट्समनला लागत नाही.

कार्यक्रम: चार नंबरमधून चालत पलीकडे जायचं आणि कुंपणाशी बसून सँडविच खायचे. त्यानंतर बाहेरच्या जगाचं नाव काढलं तर मिशी काढून देईन.

रविवार, १० मे. संध्याकाळी ५.
तिसरी आंघोळ झाली. चौथीसाठी पाणी तापतंय.

पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र पाहून आत सोडलं. वास असा की डोळ्यांतून पाणी. हिने रुमाल बांधला, वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली, काठीने टोचून पाहिलं. म्हणाली, वर नुसता पापुद्रा आहे, भेगांच्या कडा ओल्या आहेत, पाय ठेवू नकोस. म्हटलं, बाई, हा नकाशा मी काढलाय.

चार पावलं टाकली. पाचवं गेलं ते गेलंच. आधी मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. आतून गरम असतो तो गाळ. हे मला बावीस वर्षांत कुणीही सांगितलं नाही. गरम, गुळगुळीत, आणि मधेमधे काहीतरी पायाला लागतं. अशा वेळी तोंड उघडू नये. मी हाक मारायला उघडलं.

श्शी. शी शी शी. चवीबद्दल या वहीत कधीही लिहिणार नाही.

ही घाबरली नाही. मला म्हणाली, हात पसर, मागे रेल, धडपडू नकोस. पहारेकऱ्याला फळ्या आणायला पिटाळलं. फळ्या टाकून त्यावर पालथी पडून सरकत आली आणि माझ्या काखेत हात घातले. वीस मिनिटं ओढत होती. पहारेकरी नाक धरून उभा. डावा बूट आतच राहिला. पुढच्या नकाशात दाखवायला हवा.

पहारेकऱ्याने मला पाइपने धुतलं, ट्रक धुतात तसं. एकही टॅक्सी घेईना. सात किलोमीटर चालत आलो, ही पुढे, मी मागे, माझा वास वाऱ्याने हिच्याकडे जाणार नाही अशा बेताने.

पण मुख्य मुद्दा: हीसुद्धा कोपरापर्यंत बरबटली आणि वाटेत चकार शब्द बोलली नाही. म्हणजे काम फत्ते. किंमत मी मोजली, पण काम फत्ते.

बुधवार, १३ मे.
रजा. वास गेलेला नाही. कानांत आहे, नक्की कानांत आहे. ही शांत आहे, सारखी विचारात. शुक्रवारी नकार द्यावा लागणार म्हणून वाईट वाटत असेल. समजूत घालायची वाक्यं पाठ करून ठेवलीत: सगळ्यांनाच सगळं जमत नसतं गं, त्यात कमीपणा नाही. वर खांद्यावर हात ठेवायचा. केकही आणू.

शुक्रवार, १५ मे. संध्याकाळी ६:३०.
हिने होकार दिला.

मी केकचा खोका हातात धरून दारातच. समजूत घालायची वाक्यं तोंडात आलेली, त्यातलं एक बोलूनही गेलो. ही म्हणाली, जमेल मला. मला आधी वाटत नव्हतं, या चार रविवारांनी वाटायला लागलं. तूच नेलंस, नाहीतर मला कधी कळलंच नसतं.

मग आणखी सांगितलं. पत्र आलं त्या दिवशी ती नाहीच म्हणणार होती. माझ्यापुढे उभी राहिली ती मी नको जाऊस म्हणावं म्हणून. एवढंच ऐकायचं होतं. मी हरकत नाही म्हणालो, तर तिला वाटलं, याला खरंच काही फरक पडत नाही.

मी खोका खाली ठेवला आणि म्हणालो, नको जाऊस. आवाज भलताच निघाला. अजून एकदा म्हणालो. ही माझ्याजवळ येऊन बसली, वासाची पर्वा न करता. म्हणाली, आता उशीर झाला, आणि खरं सांगू का, आता मला जायचंच आहे.

मला रडू आलं. चांगलं पाच मिनिटं. हिने पाठीवर हात फिरवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन सुरी आणली. आम्ही केक खाल्ला. ही एक तारखेला निघतेय.