एका टेबलावर एकच माप

३ मार्च, रविवार
ठरलं. पिस्तुलातलं चाळीस कॅलिबरचं बॅरल, म्हणजे नळी, काढून नऊ एमएमचं बसवायचं. चाळीसचं काडतूस जाडजूड, झटका फार. मनगट माझं ठणठणीत आहे, दोष काडतुसाचा. नऊ एमएम सडपातळ, गरीब स्वभावाचं. बायको लोर्ना गेल्यापासून आमची लेक रोवेना नेमबाजीच्या क्लबवर फिरकलेली नाही. नऊ एमएम असेल तर येते म्हणाली. नवं बॅरल याच पिस्तुलासाठी बनवलेलं, त्यामुळे धोका शून्य. फक्त आत कुठलं बसवलंय ते लक्षात ठेवायचं. मी बावीस वर्षं या क्लबचा सेफ्टी ऑफिसर. भिंतीवरची पाटी माझ्या हातची: 'एका टेबलावर एकाच मापाची काडतुसं.' मला कोण शिकवणार?

१० मार्च
सराव झकास. क्लबातला माझा जुना दोस्त ड्वेन विचारतो, "वर्लिन, आत्ता आत कुठलं बॅरल आहे रे?" म्हटलं, "मला काय कुकुलं बाळ समजतोस?"
घरी येऊन पाहिलं, तर चाळीसचंच. काडतुसंही चाळीसचीच नेली होती. म्हणजे चूक झालीच नाही.

१७ मार्च, संध्याकाळ
रोवेना आली. हॅम सँडविचेस घेऊन. फरक दाखवायला दोन्ही मापांच्या काडतुसांचे डबे टेबलावर मांडले. पाटी नवशिक्यांसाठी असते.
नऊ एमएमची पहिली गोळी मी झाडली. फुस्स. लक्ष्याच्या कितीतरी अलीकडे, वीस पावलांवर धूळ उडाली. काडतुसाची रिकामी पुंगळी फुगून उभी फाटलेली. माल खराब! कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं.
रोवेनानं पिस्तूल रिकामं करून उघडलं. आत चाळीसचं बॅरल, नऊच्या काडतुसाला ढगळ. "डॅड, पुढची गोळी मी झाडणार होते," एवढंच म्हणाली. सँडविचेस तशीच राहिली.

१९ मार्च
पत्र अर्धं झालं. कंपनीचं नाव आठवेना. डब्यावर असेल. डबा सापडेना.

२४ मार्च, रविवार
ड्वेननं सेफ्टी ऑफिसरचं लाल जॅकेट मागून घेतलं. धुवायला नेत असेल. मग मला पाटीसमोर उभं केलं. "वाच."
मोठ्यानं वाचलं. म्हटलं, "नियम चोख आहे. कुणी लिहिलाय?"
ड्वेन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. रोवेनानं माझा हात धरला. "डॅड, तुझं अक्षर आहे ते."
नीट पाहिलं. खरंच माझं.
पिस्तूल तिच्याकडे दिलं, दोन्ही बॅरलंही. फार रडलो. पुढच्या रविवारी येशील का, विचारलं. येईन म्हणाली. इथे लिहून ठेवतो.