जाळेघराचं बटन

गडचिरोली
दि. ४ नोव्हेंबर

ती. आबाजी यांस,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

‘तूर्त’ म्हणजे नेमके किती दिवस? चार महिन्यांपासून हा शब्द मी ऑफिसात रोज टाइप करते आहे आणि याचं उत्तर मला येत नाही. कुठेतरी दूरदेशी लढाई चालू आहे, त्यामुळे तारा आणि ट्रान्सफॉर्मर मिळेनासे झाले आहेत. म्हणून नव्या इमारतींना वीजजोडणी तूर्त थांबवा, असा वरून हुकूम आला आहे. कोणी नवं घर बांधून येतं, कोणी शाळेच्या खोलीसाठी येतं. मी प्रत्येकाच्या हातात तेच पत्र ठेवते. काल एका बाईने विचारलं, की तूर्त म्हणजे होळीच्या आधी का होळीच्या नंतर? मी खाली मान घालून शिक्का मारला. घरातली पहिली बी.ए. झाले ती एवढ्याचसाठी का, असं वाटलं.

पण हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. जुन्या कागदांची खोली साफ करायचं काम माझ्याकडे आलं. आपला जिल्हा चांद्यापासून वेगळा झाला तेव्हा तिकडून आलेले गठ्ठे तसेच बांधलेले होते. एका लाल फडक्यात मला तुमचा अर्ज सापडला. शाई फिकट झाली आहे, पण सही ओळखली. ‘मौजा जुनी बोडी येथील ढिवर समाजाच्या जाळेघरात एक दिवा मिळावा.’ खाली ऑफिसच्या उत्तराची नक्कल, तारीख ९ डिसेंबर १९७१. ‘युद्धपरिस्थितीमुळे तूर्त स्थगित.’

आबाजी, मी खुर्चीवरच बसून राहिले. चौपन्न वर्षांपूर्वी कोणीतरी टाइप केलेला शब्द आणि माझा शब्द एकच. तुम्ही म्हणायचे, अर्ज दिलेला आहे, आणि आम्ही पोरं हसायचो. दहावीच्या वर्षी तर मी तुमच्याशी भांडले होते, की सगळ्या गावात लाइट आहे, तुमच्या हट्टापायी आम्ही जाळेघरात चिमणीपुढे डोळे फोडतो. त्या भांडणाची आज लाज वाटते. खरं काय झालं होतं ते लिहून कळवा. फोनवर तुम्हाला ‘हॅलो’च्या पुढचं ऐकू येत नाही.

आईला नमस्कार. तुमची माया आजवर होती तशीच असू द्यावी.
तुमची,
जया


जुनी बोडी, ता. आरमोरी
दि. १२ नोव्हेंबर

चि. जया ईस,
मनसारामचे अनेक आशीर्वाद. इकडचे सर्व खुशाल.

तुहं पत्र तुह्या मायनं, प्रेमिलानं, दोनदा वाचून दाखवलं. मग मीच चष्मा लावून वाचलो. ऐकायले येत नाई, पण चवथी पास हावो मी. क्लार्कीणबाईले सांगून ठेवतो.

झालं असं, का तवा सडकेपर्यंत विजेचे खांब आले होते. आपल्या लोकायनं ठरवलं, तलावाच्या पाळीवर जाळेघर बांधाचं. दिवसा जाळे विणाचे, सांजेले पोरायनं वाचाचं. घराले खांब कुठून आणाचे? मोहटोल्याच्या चैतूनं आन त्याच्या लोकायनं बिजाच्या लाकडाचे सहा खांब खांद्यावर वाहून आणले. त्याची पोरगी बुधरी तवा एवढीशी होती, मागं मागं मोहफुलाची टोपली घेऊन आली. एक पैसा नाई घेतला त्यायनं. चैतू एवढंच म्हणला, तुमच्या घरी उजेड झाला का आमाले डोंगरावरून दिसल.

मी वडसाच्या बाजारातून काळं बटन आणलो आन भिंतीत बसवून टाकलो. तार यायच्या आधीच! तुही आजी म्हणे, नवरी नाई ठरली आन हा मांडव टाकून बसला.

मग लढाई लागली. सरकार म्हणलं थांबा, आमी थांबलो. सगळा देश थांबला होता, आमाले काय जड होतं? पुढं गावात लाइन आली तवा विनोद लाइनमन म्हणला, मनसारामभाऊ, दुसरा अर्ज टाका, आठ दिवसात दिवा लागते. मी नाई म्हणलो. तुले माहीत हाये आपल्यातली रीत. टाकलेलं जाळं टाकणाऱ्यानंच उचलाचं आन पाण्यात जाळं असताना त्याच्यावर दुसरं टाकाचं नाई. माहा अर्ज पाण्यात होता. लोकं हसले. चुकलोही असन. पण रीत तोडणं मले जमलं नाई.

तू काऊन लाजतेस? भांडली म्हणून तर शिकली. आन आयक, माह्या अर्जासाठी तुही खुर्ची वापरू नोको.

जीव लावतेस तसाच लावत राह्य.
तुहा,
आबाजी


गडचिरोली
दि. २० नोव्हेंबर

ती. आबाजी यांस,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

खुर्ची वापरली नाही, फक्त हुकूम पुन्हा नीट वाचला. त्यात एक ओळ आहे. हुकुमाच्या आधी आलेले आणि निकाली न निघालेले अर्ज तारखेच्या क्रमाने पूर्ण करावेत. तुमचा अर्ज कोणी नाकारलेलाच नाही, तो फक्त थांबवला होता. मी तो साहेबांपुढे ठेवला. ते आधी पोट धरून हसले. मग दोनदा वाचला आणि म्हणाले, की कागद खरा आहे, तुझा आजोबा माझ्याहून सीनियर निघाला. त्यांनी सही केली, आबाजी!

त्या संध्याकाळी मला फक्त ते बटन आठवत होतं. जाळेघरात शिरताना प्रत्येक पोराने ते एकदा दाबायचं, मग बसायचं. तार नाही, दिवा नाही, नुसतं टक्. बारावीच्या पेपरच्या दिवशी मी ते तीनदा दाबलं होतं. ओल्या जाळ्यांचा वास, डासांसाठी केलेला कडुलिंबाचा धूर, आणि तुम्ही दारात बसून शिंगाडे सोलून आमच्या हातावर ठेवायचे. जाळेघरात वाचायला बसणाऱ्या पोरांची संध्याकाळ आता सोलरच्या दिव्यावर अर्धा तास टिकते, असं आईने सांगितलं. त्यांना तरी उजेड मिळेल.

आता अडचण लिहिते. गोदामात तार एका कामापुरतीच उरली आहे. पुढची कधी येईल कोणी सांगत नाही. तुमच्यानंतर यादीत दुसरा अर्ज मोहटोल्याचा आहे, दोन वर्षांपूर्वीचा. अर्जदार बुधरीबाई. पावसात नाला भरला की गर्भार बाया अडकतात, म्हणून त्यांनी गावात माहेरघराची, म्हणजे बाळंतपणाची, खोली बांधली आहे, तिच्यासाठी. यादी मीच टाइप केली. तारखेप्रमाणे तुम्ही पहिले. त्यात काही खोटं नाही, तरी माझा हात थांबत होता. आपल्या माणसाचं नाव वर आहे म्हणून थांबत होता, की खालचं नाव बुधरीबाईचं आहे म्हणून, ते सांगता येत नाही. नियम मोडून तुम्हाला खाली ढकलणं हाही अन्यायच. तुम्ही काय म्हणता?

रागवा, पण दूर करू नका.
तुमची,
जया


जुनी बोडी
दि. २९ नोव्हेंबर

चि. जया ईस,
अनेक आशीर्वाद.

खोटं कायले बोलू? तुहं पत्र आलं आन मी तीन दिवस बटन पुसून राह्यलो. खोबरेल तेल लावलो. प्रेमिलाले म्हणलो, बल्ब पिवळा आणजो, पांढरा नोको. गुणाबाई शेजारीण म्हणे, म्हाताऱ्याचं लगन हाये का? म्हणलो, हो, चौपन्न वर्साची वाट पाह्यलेली नवरी हाये.

चवथ्या दिवशी मोहटोल्याले गेलो. दुसरं काई नाई, बुधरीले सांगाचं होतं, तुह्या बापानं वाहलेल्या खांबाले आता उजेड लागते. ती खोलीतच होती. एक पोरगी बाळंत झाली होती रात्री, रंजीता नावाची. बुधरीनं दातात बॅटरी धरून लेकरू घेतलं. हसत हसत सांगून राह्यली होती, भाऊ, दात दुखून राह्यले पण लेकरू गोरंगोमटं हाये. मी तिले काई सांगितलो नाई. तिनं मोहाचं तळलेलं गोड बोंड दिलं, ते खाल्लो आन उठलो.

येताना पाळीवर बसलो. चैतू म्हणला होता, उजेड डोंगरावरून दिसल. जया, त्यायनं खांब आणले तवा आमी कोणाचा नंबर पाह्यला होता?

सोबत अर्ज पाठवतो. माह्या हातानं लिहिला हाये. ‘मी मनसाराम, माहा १९७१ चा अर्ज वापस घेतो.’ टाकणाऱ्यानं उचललं जाळं. आता त्याच्यात रीतही राह्यली आन तुहा नियमही. दोन दिवस रागात होतो, कोणावर ते मालूम नाई. तू रडू नोको. आन माह्यापायी हा कागद दाबून ठेवू नोको.

या म्हाताऱ्यावर जीव कमी करू नोको.
तुहा,
आबाजी


गडचिरोली
दि. १५ डिसेंबर

ती. आबाजी यांस,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखता. कागद मी दाबून ठेवला होता. चार दिवस पर्समध्ये. रोज वाटायचं, उद्या तुमचं मन बदललं असं पत्र येईल. पाचव्या दिवशी दाखल केला. साहेबांनी तुमचं अक्षर बराच वेळ पाहिलं आणि यादीत मोहटोल्याचं नाव वर घेतलं.

परवा मोहटोल्याला दिवा लागला. मी गाडीबरोबर गेले होते. खटका ओढल्यावर बाया आधी दचकल्या, मग रंजीताचं लेकरू रडायला लागलं आणि सगळे हसले. बुधरीबाईंनी माझा हात धरून विचारलं, की मनसारामभाऊ त्या दिवशी आले आणि काही न सांगताच काऊन गेले? मी सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, की तुझा आजा पहिल्यापासूनच येडा. सांज झाल्यावर मी टेकडीच्या कडेला उभी राहिले. खाली आपला तलाव दिसतो तिथून, पाळ दिसते, जाळेघर दिसत नाही. काळोखात असतं ना. तुमच्याकडून मात्र मोहटोल्याचा दिवा दिसत असेल. दिसतो का, ते कळवा.

आता राग येऊ देऊ नका, कारण काम झालेलं आहे. रीत अशी, की पाण्यात जाळं असताना दुसरं टाकायचं नाही. तुमचं तर उचललं गेलं. काल दुपारी जेवणाच्या सुटीत मी माझ्या टेबलाच्या पलीकडे गेले, जिथे लोक तासन्‌तास उभे राहतात तिथे. जाळेघरात एक दिवा मिळावा म्हणून माझ्या नावाने अर्ज लिहिला. मग अलीकडे येऊन रजिस्टरात चढवला, एकशे सत्तेचाळिसावा नंबर आहे. त्यावर ‘तूर्त स्थगित’चा शिक्का माझ्याच हाताने मारला, साहेबांची सही घेतली. पावती सोबत आहे. ती बटनाच्या वर खिळ्याला लावा आणि पोरांना सांगा, दाबत राहा.

जाळं मी टाकलं आहे, आबाजी. उचलायला मीच येईन.

तोवर तुमचा लोभ मागते.
तुमची,
जया